‘असं आम्ही सांगितलंच नव्हतं’: यूएटीत परत परत येणारी तक्रार आणि तिचं मूळ कुठे शोधायचं

गेली बारा-तेरा वर्षं मी बिझनेस ॲनालिस्टचं काम करतोय, म्हणजे सॉफ्टवेअरकडून क्लायंटला काय हवंय ते समजून घेऊन बनवणाऱ्यांना सांगायचं. ऑफिस पुण्यात, पण क्लायंट बरेचसे सातारा-सांगली-कोल्हापूरकडचे. दूध संघ, पतसंस्था, मध्येच एखादं हॉस्पिटल. कंपनीत कुणाचा प्रोजेक्ट यूएटीत, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करण्याआधी क्लायंट ते स्वतः वापरून तपासतो त्या चाचणीत, रुतला की मला गाडीत बसवून पाठवतात. पहिल्या दिवशी दोन्ही बाजूंकडून ऐकू येणारी वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. आमची मुलं म्हणतात, ‘सर, क्लायंट रोज मत बदलतो.’ क्लायंट म्हणतो, ‘असं आम्ही सांगितलंच नव्हतं.’

दोघंही खोटं बोलत नसतात. बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो: रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय काय करायला हवं ते) गोळा करताना एका पद्धतीचं नाव लावून भलतंच काही केलेलं असतं. कागदावर ‘वर्कशॉप’ लिहिलेलं, आणि प्रत्यक्षात आठ प्रेक्षकांसमोर घेतलेली एका माणसाची मुलाखत. ‘ऑब्झर्वेशन’ म्हणून लिहिलेलं असतं ते चेअरमन साहेबांबरोबर फिरून पाहिलेलं ऑफिस आणि प्यायलेला चहा.

लक्षणं

- यूएटीत कुणीतरी म्हणतं, ‘हे काय सांगायचं असतं का? एवढं तर माहितीच असतं.’
- सॉफ्टवेअर चालू होऊन दोन महिने झाले तरी काउंटरवरची जुनी वही उघडीच आहे. विचारलं तर उत्तर, ‘असू दे, बॅकअप म्हणून.’
- मिनिट्समध्ये (बैठकीच्या इतिवृत्तात) उपस्थिती नऊ जणांची, पण जिथे जिथे ‘ठरले’ असं लिहिलंय तिथे बोलणारा माणूस एकच.
- चेंज रिक्वेस्ट (आधी ठरलेलं बदलून द्या अशा मागण्या) सगळीकडून येत नाहीत, एक-दोन स्क्रीनभोवतीच घोंगावतात.
- सर्व्हेत सगळे समाधानी, फोनवर सगळे वैतागलेले.
- दोन विभागांनी एकाच कागदावर सह्या केल्यात आणि दोघांना त्याचा अर्थ वेगळा लागलाय.

यातली पहिली दोन लक्षणं दिसली तर गरज बोललीच गेलेली नाही असं समजा, ती कागदात किंवा कामाच्या जागी सापडेल. तिसरं आणि शेवटचं लक्षण गटात घेतलेली बैठक फसल्याचं. चेंज रिक्वेस्टचं घोंगावणं कशामुळेही होतं, त्याला पहिली तपासणी लागते.

पद्धत ओळखायची कशी

बिझनेस ॲनालिसिसचं जे बॅबॉक नावाचं जाडजूड मार्गदर्शक आहे, त्याच्या २०१५ साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत तब्बल ५० तंत्रं दिलेली आहेत. पीएमपीची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटची, परीक्षा देणारी मुलं त्यातली वीस-पंचवीस घोकतात आणि पेपरात फोकस ग्रुप आणि वर्कशॉप यांत गोंधळतात. मी तीनच प्रश्न विचारतो. बोलतं कोण? बोलणारे एकमेकांचं ऐकतात का? आणि उठताना हातात काय उरतं: माहिती, मत, कल्पना की निर्णय?

मुलाखतीत एक जण बोलतो आणि हातात त्याच्या डोक्यातली माहिती उरते. सर्व्हेत पुष्कळ जण बोलतात, पण एकमेकांचं ऐकत नाहीत, आणि हातात उरतात आकडे. फोकस ग्रुपमध्ये साधारण एकसारखे लोक एकमेकांचं ऐकत बोलतात, हातात मत आणि प्रतिक्रिया उरतात, निर्णय नाही. वर्कशॉपमध्ये वेगवेगळ्या विभागांची, निर्णयाचा अधिकार असलेली माणसं असतात आणि निर्णय झाल्याशिवाय ते संपत नाही. ऑब्झर्वेशनमध्ये कुणी बोलायची गरजच नसते. कागदपत्रांच्या अभ्यासात तर माणूसही नसतो.

मीटिंगच्या आमंत्रणात काय नाव होतं ते विसरा. या तीन उत्तरांवरून जे ठरतं, तीच तुम्ही वापरलेली पद्धत.

आता तपासण्या. फुकटातली आधी, महागातली शेवटी. पुढची सगळी उदाहरणं शक्यतो एकाच कामातली देतो. एका दूध संघाचं संकलनाचं सॉफ्टवेअर होतं, चौदा केंद्रं, सकाळ-संध्याकाळ संकलन, दर दहा दिवसांनी उत्पादकांचं बिल. यूएटी दोनदा नापास झाली होती.

तपासणी १: चेंज रिक्वेस्टची चाळण (अर्धा तास, खर्च शून्य)

शेवटच्या वीस चेंज रिक्वेस्ट काढा आणि प्रत्येकीसमोर चारपैकी एक अक्षर लिहा. ‘न’ म्हणजे कुणी सांगितलंच नव्हतं. ‘चु’ म्हणजे सांगितलं होतं, आपल्याला चुकीचं कळलं. ‘भ’ म्हणजे दोन माणसांत भांडण आहे. ‘ब’ म्हणजे खरोखरच बाहेरची परिस्थिती बदलली.

हे आधी का करायचं, तर ‘ब’ जास्त निघाले तर पुढचं सगळं वाचायची गरज नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिलाच्या स्क्रीन बदलाव्या लागल्या, त्यात ना क्लायंटचा दोष ना बीएचा (बिझनेस ॲनालिस्टचा). पण माझा अनुभव असा की टीम ज्यांना ‘ब’ म्हणते त्यातले बरेचसे नीट पाहिलं की ‘न’ निघतात. ‘क्लायंटने मत बदललं’ हे आपल्याला सोयीचं निदान आहे, म्हणून त्यावर जरा संशय ठेवा.

दूध संघाच्या यादीत ‘न’ आणि ‘भ’ यांचीच गर्दी होती आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक एकाच स्क्रीनवर होत्या: बिलातली ‘इतर जमा’. या स्क्रीनवर महिन्यातून एखादी नोंद व्हावी अशी आमची कल्पना. केंद्रांवरून मागणी येत होती की इथे तारीख हवी, पाळी हवी, शेरा हवा, एकाच उत्पादकाच्या पाच-पाच ओळी भरता आल्या पाहिजेत. तेव्हाच कळायला हवं होतं की कुठेतरी पाणी मुरतंय.

तपासणी २: मिनिट्समध्ये बोललं कोण (एक तास)

जुनी मिनिट्स उघडा आणि प्रत्येक रिक्वायरमेंटसमोर ती कुणाच्या तोंडून आली ते लिहा. ‘क्लायंट’ असं लिहायचं नाही, माणूस लिहायचा. आठवत नसेल तर प्रश्नचिन्ह.

वर्कशॉप म्हटलेल्या बैठकीतल्या नव्वद टक्के ओळी एकाच नावावर गेल्या, तर ते वर्कशॉप नव्हतं. आपल्याकडे तर हे हमखास होतं. चेअरमन, एमडी, कुणी मोठे डॉक्टर खोलीत असले की बाकीचे माना डोलावतात. ती मान ‘मला पटलं’ म्हणून डोललेली नसते, ‘साहेब बोललेत’ म्हणून डोललेली असते. आणि काम करणारे हात त्याच डोलणाऱ्यांचे असतात.

उलटी चूकही पाहिलीय. एका हॉस्पिटलमध्ये आठ नर्सना एकत्र बसवून दोन तास छान चर्चा झाली, सगळ्या मोकळेपणाने बोलल्या. आमच्या मुलाने शेवटी ‘डिस्चार्जचा क्रम असा ठरला’ असं लिहून टाकलं. त्या खोलीत डिस्चार्जचा क्रम ठरवायचा अधिकार एकीलाही नव्हता. तो चांगला झालेला फोकस ग्रुप होता, त्यातून मतं घ्यायची असतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९४०च्या दशकात ही पद्धत घडवली ती रेडिओचे कार्यक्रम ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रिया समजून घेण्यासाठी. श्रोत्यांनी उद्याचा कार्यक्रम ठरवावा म्हणून नव्हे. वर्कशॉपचं घराणं वेगळं: आयबीएममध्ये १९७०च्या दशकाच्या अखेरीस जॅड (जॉइंट ॲप्लिकेशन डिझाइन) नावाने ते सुरू झालं तेच मुळी वापरणारे आणि बनवणारे समोरासमोर बसून निर्णय घेतील म्हणून.

तपासणी ३: कागद मागा (एक दिवस, भाडं झालं तर एसटीचं)

कोरे फॉर्म नकोत, भरलेले हवेत. वही, रजिस्टर, पावतीपुस्तकाची स्थळप्रत, भिंतीवर चिकटवलेलं परिपत्रक, कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरची एक्सेल. आणि वाचताना रकान्यांपेक्षा समास बघा. छापील रकान्यात जे बसत नाही ते माणूस समासात लिहितो, आणि तीच तुमची सुटलेली रिक्वायरमेंट.

दूध संघाच्या एका केंद्रावरची वही मी अशीच चाळत होतो. तारीख, कोड, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), दर, रक्कम. सगळं आमच्या स्क्रीनवर होतं. पण डाव्या समासात पेन्सिलीने काही ओळींना ‘उ’ आणि काहींना ‘दु’ लिहिलेलं. ‘उ’ म्हणजे उचल, बिलातून कापायची. ती आम्हाला माहीत होती. ‘दु’चा अर्थ चेअरमन साहेबांनाही सांगता आला नाही. त्या केंद्राच्या सचिवांना फोन लावला तर ते म्हणाले, ‘ते आमचं आपलं असतंय.’ असं उत्तर मिळालं की समजायचं, खजिना सापडलाय, पण तो फोनवर उघडणार नाही.

कागदाचा मोठा गुण हा की त्याला साहेबाची भीती नसते. अवगुण असा की तो काल काय झालं ते सांगतो, उद्या काय हवं ते नाही. शिवाय परिपत्रक भिंतीवर असलं म्हणजे ते पाळलं जातं असंही नाही. म्हणून कागदातून प्रश्न घ्यायचे, उत्तरं दुसरीकडे शोधायची.

तपासणी ४: सर्व्हेचे प्रश्न परत वाचा

सर्व्हे मोजायला असतो, शोधायला नसतो. काय विचारायचं हेच माहीत नसताना काढलेला सर्व्हे म्हणजे आडात नाही ते पोहऱ्यात शोधणं. आमच्याच कंपनीतून गेलेला एक प्रश्न होता: ‘नवी प्रणाली सोपी आणि जलद असावी असे आपणास वाटते का?’ यात दोन प्रश्न एकात आहेत आणि ‘नाही’ म्हणणारा माणूस जन्माला यायचाय. असे प्रश्न सापडले की त्या सर्व्हेवर उभ्या असलेल्या सगळ्या रिक्वायरमेंट ‘अजून तपासायच्या’ यादीत टाका. आधी चार-पाच मुलाखती, त्यातून प्रश्न, मग सर्व्हे, हा क्रम उलटा झाला की आकडे सुंदर येतात आणि उपयोग शून्य.

तपासणी ५: तीच मुलाखत, वेगळा प्रश्न (माणशी एक तास)

‘तुम्ही हे काम कसं करता?’ असं विचारलं की माणूस नियम सांगतो. ‘काल संध्याकाळी काय झालं ते सांगा, पहिल्यापासून’ असं विचारलं की प्रसंग सांगतो. अपवाद नियमात नसतात, प्रसंगात असतात. एवढा एक बदल करून निम्मी ‘न’वाली प्रकरणं सुटलेली मी पाहिली आहेत.

आणखी दोन पथ्यं. मुलाखत एकट्याची घ्या, साहेब शेजारच्या खुर्चीत असतील तर ती मुलाखत साहेबांचीच होते. आणि ‘अपेक्षा काय’ हे विचारण्याआधी ‘भीती काय’ हे विचारा. चेअरमन साहेबांनी पहिल्या मुलाखतीत ठणकावून सांगितलं होतं: फॅट मशीनवरून आलेला आकडा कुणालाही बदलता येता कामा नये. आमच्या मुलाने ते जसंच्या तसं लिहिलं, जसंच्या तसं बनवलं. त्यामागची भीती कुणी विचारली नाही. मी विचारली तेव्हा ते म्हणाले, ‘पूर्वी एका केंद्रावर ओळखीच्या माणसाचं फॅट वाढवून लावायचे. चौकशी करता करता माझ्या नाकी नऊ आले.’ म्हणजे त्यांना हवं होतं ते हे, की कुणी चोरून आकडा बदलू नये. ‘कधीच बदलू नये’ हा त्यांनी स्वतःच काढलेला उपाय होता. रिक्वायरमेंट आणि उपाय यांची अशी अदलाबदल मुलाखतीत फार होते, कारण समोरचा माणूस हुशार असतो आणि उत्तर घेऊनच बसलेला असतो.

तपासणी ६: कागदावरचा प्रोटोटाइप (अर्धा दिवस)

ज्याला शब्दांत सांगता येत नाही त्याला कच्चा नमुना दाखवून विचारायचं. पण डेमो आणि प्रोटोटाइप यांत गल्लत नको. माउस तुमच्या हातात असेल तर तो डेमो. समोरच्याच्या हातात असेल, आणि तुम्ही गप्प असाल, तर प्रोटोटाइप.

आणि शक्यतो तो कुरूप असू द्या. चकचकीत स्क्रीन दाखवली की चर्चा लोगो केवढा असावा यावर जाते. पेनाने काढलेल्या चौकटीवर कुणी रंगाबद्दल बोलत नाही. शिवाय चकचकीत बघून क्लायंटला वाटतं, झालंच की सगळं, आता सोमवारी चालू करा.

आम्ही पावतीचा नमुना पाठकोऱ्या कागदाच्या पट्टीवर काढून केंद्रावरच्या एका मावशींच्या हातात दिला. वर मोठ्या अक्षरात फॅट, एसएनएफ, खाली कोपऱ्यात रक्कम. त्यांनी पट्टी घेतली, उलटी केली, मागे बघितलं, परत सुलटी केली. ‘पैसं कुठं हायेत?’ आमच्या डिझाइन टीमने महिनाभर फॅटच्या आकड्याचा फाँट ठरवला होता.

तपासणी ७: जाऊन बसा (एक-दोन दिवस, आणि झोपेचं खोबरं)

इथवर सुटलं नसेल तर आता गाडी काढावी लागणार. ही तपासणी महाग आहे म्हणून खाली ठेवलीय, पण वहीचं लक्षण असेल तर मी सरळ इथेच येतो.

ऑब्झर्वेशनचे दोन प्रकार. गप्प बसून बघायचं, किंवा बघता बघता विचारायचं. गर्दीच्या वेळी पहिला, गर्दी ओसरल्यावर दुसरा. उलट केलंत तर रांगेतली माणसं तुमच्यावर आणि सचिव सॉफ्टवेअरवर चिडतात. आणि पहिल्या तासात जे दिसेल ते फारसं धरू नका. कुणी बघतंय म्हटल्यावर माणूस पुस्तकात लिहिल्यासारखं काम करतो. कंटाळा आला, रांग वाढली, की खरं काम सुरू होतं.

पहाटे साडेपाचला केंद्रावर पोचलो. किटल्यांची रांग, कुणी सायकलवर कॅन लटकवून आलेला, पिवळ्या बल्बखाली काटा, शेजारी फॅट मशीन, त्याला जोडलेला आमचा कॉम्प्युटर. पहिला तासभर सगळं आमच्या फ्लोचार्टप्रमाणे. कोड, वजन, सॅम्पल मशीनला, आकडा स्क्रीनवर, पावती. मग मघाच्याच मावशी आल्या. दूध नुकतंच काढलेलं, सॅम्पलवर फेस. मशीनने फॅट २.८ दाखवलं. गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून असतो, त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. सचिवांनी मान वर केली. ‘मावशी, रोज तर ३.८ लागतंय की तुमचं.’ ‘मग मी काय पाणी घातलं व्हय?’ रांगेत हशा. सचिवांनी बाटलीतलं सॅम्पल टाकून दिलं, मशीनमधून पाणी फिरवलं, दूध ढवळून दुसरं सॅम्पल घेतलं, फेस बसू दिला. आता ३.७.

मशीनला अशा वेळी दोष देण्यात अर्थ नाही. अल्ट्रासाउंडवर चालणाऱ्या या यंत्रांना सॅम्पलमधले हवेचे बुडबुडे चालत नाहीत, हे तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण आमच्या सॉफ्टवेअरने पहिला आकडा आला त्या क्षणीच कुलूप लावलं होतं. पावती २.८ ची निघाली. सचिवांनी ती मावशींना दिली, वही ओढली, ३.७ लिहिलं आणि समासात पेन्सिलीने ‘दु’.

दुबार.

तर ‘दु’ म्हणजे दुबार सॅम्पल. दहाव्या दिवशी बिल करताना सचिव सगळे ‘दु’ शोधणार, फरक हिशोबाने काढणार आणि ‘इतर जमा’मध्ये टाकणार. चेअरमन साहेबांना चोरून बदललेले आकडे नको होते, आणि आमच्या कुलपामुळे आता आकडे दहा दिवसांनी, पेन्सिलीच्या खुणेवरून, कुठलाही माग न ठेवता बदलत होते. इतर जमाच्या त्या सगळ्या चेंज रिक्वेस्टचा उगम हाच.

सचिवांनी हे मुलाखतीत का सांगितलं नाही? मी नंतर चहा पिताना विचारलं. ते म्हणाले, ‘तुम्ही इचारलं का, दुबार लावता का म्हणून?’ रोज बारा वर्षं केलेली गोष्ट सांगण्यासारखी आहे असं माणसाला वाटतच नाही. मुलाखत कितीही चांगली घेतली तरी इथे कमी पडते.

तपासणी ८: खरंखुरं वर्कशॉप (आठ-दहा माणसांचा अख्खा दिवस)

कारण कळलं तरी भांडण मिटत नाही. चेअरमन म्हणत होते बदल नको, केंद्रं म्हणत होती दुबारशिवाय चालणार नाही. ‘भ’ अक्षराची प्रकरणं मुलाखतींनी सुटत नाहीत. तुम्ही दोघांकडे फेऱ्या मारत बसता, निरोप्यासारखे, आणि शेवटी दोघांच्याही नजरेत वाईट तुम्हीच ठरता. सगळ्यांना एका खोलीत आणावं लागतं. हे सर्वांत महाग, म्हणून शेवटी. आधीच्या तपासण्यांनी नेमका वाद कशावर आहे ते कळल्याशिवाय बोलावू नका, नाहीतर दिवसभर गाडी पार्किंगपासून पगारापर्यंत फिरून येते.

खोलीत वरिष्ठ-कनिष्ठ एकत्र असतील तर साधं ब्रेनस्टॉर्मिंग करू नका. ते ॲलेक्स ऑसबर्न या जाहिरातवाल्याने रूढ केलं: मोठ्याने बोला, टीका करू नका, जितक्या कल्पना तितक्या बऱ्या. बरोबरीच्या लोकांत छान चालतं. चेअरमनसमोर केंद्राचा सचिव मोठ्याने कल्पना मांडेल ही आशा सोडा. तिथे नॉमिनल ग्रुपची पद्धत घ्या. आधी सगळे गप्प बसून चिठ्ठीवर लिहितात, मग पाळीपाळीने एकेक मुद्दा वाचला जातो, मग फक्त समजून घेण्यापुरती चर्चा, आणि शेवटी प्रत्येक जण आपापला क्रम गुप्तपणे लावतो. नावात ‘ग्रुप’ असला तरी तिची खरी ताकद सुरुवातीच्या त्या दहा मिनिटांच्या शांततेत आहे.

डेल्फाय याहून वेगळं. त्यात माणसं भेटतच नाहीत. मध्यस्थ सगळ्यांना लेखी प्रश्न पाठवतो, उत्तरं नावं काढून परत सगळ्यांकडे फिरवतो, असे दोन-तीन फेरे. रँड कॉर्पोरेशन या अमेरिकी संशोधन संस्थेने १९५०च्या दशकात तज्ज्ञांचे अंदाज जुळवण्यासाठी ते विकसित केलं. लांब लांब बसलेल्या तज्ज्ञांसाठी ठीक, चौदा केंद्रांच्या सचिवांसाठी मी ते वापरणार नाही. तिसऱ्या फेरीपर्यंत अर्धे उत्तरच देत नाहीत. आणि अफिनिटी डायग्राम, माइंड मॅप यांना ‘गोळा करण्याची पद्धत’ म्हणणं मला तरी पटत नाही. अफिनिटी डायग्राम म्हणजे जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांची चिठ्ठ्यांचे गट पाडायची युक्ती. ती फार कामाची आहे, पण चिठ्ठ्या आधी कुणीतरी लिहिलेल्या असाव्या लागतात. ती मांडणी आहे, गोळा करणं नव्हे. परीक्षेत मात्र पुस्तकात असेल तेच लिहा.

आमच्या वर्कशॉपात अकरा चिठ्ठ्यांपैकी सातांवर कुठल्या ना कुठल्या शब्दांत दुबार होतं. चेअरमन साहेबांनी त्या सातही स्वतः वाचल्या. मग ठरलं ते असं: दुबार एकदाच, पहिल्या पावतीआधीच. दोन्ही आकडे साठवायचे, दोन्ही पावतीवर छापायचे, आणि कुठल्या केंद्रावर आज किती दुबार झाले ती यादी रोज संघाच्या ऑफिसात. साहेबांची भीतीही भागली, मावशींचे पैसेही. इतर जमाची स्क्रीन जशी होती तशीच राहिली, तिच्यावरच्या चेंज रिक्वेस्ट सचिवांनी आपणहून मागे घेतल्या.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

वर्कशॉप दोनदा होऊन वाद तिथेच असेल तर तिसरं घेऊ नका. तो रिक्वायरमेंटचा वाद राहिलेला नाही, अधिकाराचा किंवा पैशाचा आहे. दोन्ही बाजू एका पानावर लिहा, प्रत्येकीचा खर्च लिहा आणि ज्याच्या बजेटमधून प्रोजेक्ट चाललाय त्या माणसापुढे ठेवा. बीएने न्यायाधीश व्हायचं नसतं.

तुम्ही स्वतःच वादातली एक बाजू झाला असाल, म्हणजे तुमच्या कंपनीचं बिल अडकलंय आणि क्लायंट तुमच्याकडे त्याच नजरेने बघतोय, तर बाहेरचा फॅसिलिटेटर आणा. त्याचे पैसे महाग वाटतात, पण तुम्ही घेतलेलं वर्कशॉप त्या परिस्थितीत फुकट जाणार हे नक्की.

हजारो लोकांच्या सर्व्हेवरून कुणी मोठा निर्णय घेणार असेल तर नमुना कसा निवडायचा ते संख्याशास्त्र शिकलेल्याला विचारा. ओळखीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक टाकणं म्हणजे नमुना निवडणं नव्हे.

हॉस्पिटलात औषधाचा डोस, यंत्राला जोडलेलं काही, असं समोर आलं की पेन खाली ठेवायचं. तिथे ‘वापरणाऱ्याने असं सांगितलं’ एवढा आधार पुरत नाही, त्या क्षेत्रातला सुरक्षेचा जाणकार बसल्याशिवाय एक ओळही लिहू नका. रुग्णांची किंवा सभासदांची वैयक्तिक माहिती गोळा होणार असेल तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा समजणारा वकील आधी गाठा.

आणि वजनकाटा. दूध संघाच्या त्याच वर्कशॉपात एका चिठ्ठीवर होतं, ‘काटा शंभर ग्रॅम कमी दाखवतो, सॉफ्टवेअरमध्ये वाढवून घ्यावे.’ आमच्या मुलाने ती रिक्वायरमेंट म्हणून उतरवूनही घेतली होती. मी खोडली. व्यवहाराचा काटा वैधमापन शास्त्र विभागाकडून तपासून, मुद्रांकित करून घ्यावा लागतो. त्याचा दोष सॉफ्टवेअरमध्ये बेरीज करून झाकला तर उद्या तुम्हीही त्यात सापडाल. त्या केंद्राला परवानाधारक काटा दुरुस्तीवाल्याचा नंबर दिला, आणि यादीत समोर लिहिलं: आपलं काम नाही.